सही करू नका. आधी कामाचा तक्ता करा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमा केलेल्या, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सात वर्षं तपासणी विभागात आहात. पदनाम ‘क्वालिटी असिस्टंट’, पगार 23,400. सव्वीस महिन्यांपूर्वी त्याच विभागात एक मुलगा लागला, तोही डिप्लोमावालाच. त्याचं पदनाम ‘इन्स्पेक्शन इंजिनिअर’ आणि पगार 28,900. काम दोघांचं तेच. मध्यंतरी तुमचं बाळंतपण झालं. 26 आठवड्यांची रजा संपवून तुम्ही परत आलात, तेव्हा तुम्हाला तोंडी सांगून पॅकिंगला पाठवलं. आता दोन महिन्यांनी एचआरचे साहेब म्हणतात, ‘राजीनामा लिहून द्या, ठेकेदाराच्या नावावर सुपरवायझर म्हणून परत घेतो, लेकरू लहान हाय, तुम्हालाच सोयीचं पडेल.’ सहीसाठी पुढचा आठवडा दिला आहे. तुमचे प्रश्न तीन: सही करू का, खाजगी कंपनीत समानतेचा कायदा चालतो का, आणि तक्रार केली तर शिरोली-गोकुळ शिरगावात पुन्हा कुणी दारात उभं करेल का.

पहिल्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून आधी तो.

सही करू नका. राजीनामा ‘स्वखुशीचा’ असतो, आणि पुढे तो दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. कंपनीला खरोखर माणूस कमी करायचा असेल, तर त्याला कायद्याची रीत आहे: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सात वर्षांचे 105 दिवस, म्हणजे जवळपास साडेतीन महिन्यांचा पगार आणि वर नोटिशीचा महिना. राजीनामा दिलात की हे सगळं कंपनीचं वाचतं. ठेकेदाराकडे तुम्ही पहिल्या दिवसाच्या कामगार ठरता. सेवेची सात वर्षं तिथे मोजली जात नाहीत. पुढच्या बाळंतपणाच्या लाभासाठीही नव्या मालकाकडे आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरावं लागेल. आणि ते ‘सुपरवायझर’ पद बढती म्हणून दाखवलं जातंय, पण औद्योगिक संबंधांच्या कायद्यात महिना 18,000 रुपयांवर पगार असलेला देखरेखीचा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर जातो. पुढे कामावरून काढलं तर न्यायाधिकरणाकडे जाण्याची तुमची वाट त्या एका शब्दानं अडू शकते. खरं काम काय होतं हेच शेवटी बघितलं जातं, तरीही हा वाद अंगावर ओढून घेऊ नका.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तर ‘मला वाचायला वेळ द्या, कागद ईमेलवर पाठवा’ एवढंच म्हणा. वाद घालू नका, मोठ्यानं बोलू नका, पण बाहेर पडल्यावर त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवरून चार ओळी पाठवा:

‘आज दुपारी ... वाजता आपण मला राजीनामा देऊन ठेकेदारामार्फत पुन्हा रुजू होण्यास सांगितले. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. माझी सेवा सुरू आहे आणि मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. प्रसूती रजेपूर्वीच्या तपासणी विभागातील कामावर मला पुन्हा घ्यावे, ही विनंती. पॅकिंग विभागातील बदलीचा लेखी आदेश मिळावा.’

आरोप नाही, कायद्याची कलमं नाहीत, रागाचा शब्द नाही. आज हे पत्र साधं वाटेल, पण सहा महिन्यांनी अधिकाऱ्यासमोर तारखेसह उभं राहतं ते हेच. हाच मजकूर छापून स्पीड पोस्टानंही पाठवा आणि पोच जपून ठेवा. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या फॉर्मवर किंवा ‘हिशेब पूर्ण मिळाला’ अशा ओळीखाली सही नको. दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी राजीनामा मागे घेत असल्याचं ईमेलनं कळवा. राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो. उशीर झाला की ‘आम्ही मंजूर केला’ हे उत्तर तयार असतं.

गेटवर अडवलं तर भांडत थांबू नका. तिथूनच ‘मी सकाळी अमुक वाजता हजर झाले, मला आत सोडले नाही’ असा ईमेल पाठवा, आणि दुसऱ्या दिवशीही वेळेवर जाऊन तसंच करा. सलग आठ-दहा दिवस घरी बसलात आणि काही लिहिलं नाही, तर ‘बाई न सांगता गैरहजर’ असा कागद तयार होतो. पॅकिंगचं कामही नाकारू नका. नकार म्हणजे बेशिस्त, आणि चौकशी लावायला तेवढं पुरतं. काम करा, हरकत लेखी नोंदवून करा.

आता खाजगी कंपनीचा प्रश्न. कोल्हापूरच्या माणसाला समान संधी म्हटलं की 26 जुलै 1902 चा राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम आठवतो; रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा त्यांनी मागास वर्गांसाठी राखल्या. तो हुकूम संस्थानच्या नोकऱ्यांसाठी होता. संविधानाची कलमं 14 (कायद्यापुढे समानता) आणि 16 (सरकारी नोकरीत समान संधी) सुद्धा मुख्यतः सरकारला बांधतात. त्यामुळे ‘माझा कलम 14 चा हक्क मोडला’ असा अर्ज खाजगी कारखान्याविरुद्ध दिला की तो पहिल्याच टेबलावर अडकतो. खाजगी मालकाला बांधणारा कायदा वेगळा दाखवावा लागतो, आणि तो आहे. 1976 च्या समान वेतन कायद्यानं एकाच कामासाठी बाई आणि पुरुष यांना वेगळा पगार देणं बंद केलं. तोच नियम आता वेतन संहिता, 2019 च्या कलम 3 मध्ये आहे, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुमच्या सव्वीस महिन्यांपैकी काही काळ जुन्या कायद्याखाली जातो, काही नव्या. म्हणून अर्जात दोन्हींचा उल्लेख करा. फक्त एकाचं नाव लिहिलं की समोरचा वकील पहिली तारीख त्यावरच घालवतो.

‘सारखं काम’ म्हणजे काय, इथे खरी लढाई आहे. संहिता चार गोष्टी बघते: कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थिती सारखी हवी, आणि दोघांत जो फरक असेल तो प्रत्यक्षात महत्त्वाचा नसावा. पदनामाचा त्यात उल्लेखच नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीनं आपल्या महिला लघुलेखिकांना पुरुषांपेक्षा कमी पगार दिला होता. ऑड्री डिकोस्टा यांचं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1987 साली निकाल बाईंच्या बाजूनं लागला. युनियनशी करार झाला होता ही सबब चालली नाही, पैसे परवडत नाहीत हीही नाही. न्यायालयानं म्हटलं की काम तोलताना व्यापक नजरेनं बघा, आणि माणूस प्रत्यक्ष नेहमी काय करतो ते बघा. कागदावर त्याला काय करायला सांगता येऊ शकतं ते नको. तुमच्या साहेबांचं ‘तो रात्रपाळी करू शकतो, जड कास्टिंग उचलू शकतो’ हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही. त्यानं गेल्या वर्षात किती रात्रपाळ्या केल्या? केल्या असतील तर त्याचा वेगळा भत्ता द्यावा. मूळ पगार त्यावरून वाढवता येत नाही. शिवाय बाईच्या संमतीनं आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून तिला रात्रपाळी देता येते, त्यामुळे ‘बायकांना चालत नाही’ हेही आता उत्तर नाही.

यासाठी एक तक्ता करा. वही घ्या, डाव्या बाजूला तुमचं, उजव्या बाजूला त्याचं. कोणत्या भागांची तपासणी (पंप हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, जे असेल ते), फर्स्ट पीस की इन-प्रोसेस की फायनल, कोणती साधनं (बोअर गेज, हाइट गेज, सीएमएम म्हणजे संगणकावर चालणारं मोजमाप यंत्र), दिवसाला साधारण किती रिपोर्ट, रिपोर्टवर शेवटची सही कुणाची, माल रिजेक्ट करण्याचा अधिकार कुणाला, ग्राहकाची तक्रार आली तर उत्तर कोण तयार करतं, ऑडिटला कोण उभं राहतं, नव्या मुलांना कोण शिकवतं. शिक्षण आणि अनुभवाचीही ओळ घाला. तुमची सात वर्षं इथे तुमच्या बाजूनं बोलतात.

तक्ता प्रामाणिक ठेवा. तो सीएमएमचे प्रोग्रॅम स्वतः लिहीत असेल आणि तुम्ही तयार प्रोग्रॅम फक्त चालवत असाल, तर हा खरा फरक आहे, आणि कंपनी तो मांडणारच. अशा वेळी तो फरक रोजच्या कामात किती वेळ येतो ते लिहा. महिन्यातून दोनदा येणारी गोष्ट 5,500 रुपयांचा फरक पेलत नाही. पण तो लपवलात आणि सुनावणीत बाहेर आला, तर बाकीच्या नोंदींवरचा विश्वासही जातो.

एक तारीख तक्त्यात ठळक लिहा: पॅकिंगला पाठवलं तो दिवस. ‘बाई तर पॅकिंगला आहे, इन्स्पेक्टरशी तुलना कसली’ हे कंपनीचं पुढचं वाक्य असेल. तुमची तुलना त्या तारखेपर्यंतच्या कामाची आहे, आणि त्यानंतरची बदली हा दुसरा मुद्दा आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळू नका.

पुरावे गोळा करताना बऱ्याच जणी इथे चुकतात: ड्रॉइंगचे, ग्राहकाच्या भागांचे फोटो काढतात, इन्स्पेक्शन रिपोर्ट स्वतःच्या ईमेलवर पाठवतात. गोपनीयता मोडल्याचं कारण देऊन कंपनी उलट तुमच्यावरच चौकशी बसवेल. रिपोर्टचे क्रमांक, तारखा आणि त्यावर कुणाच्या सह्या आहेत एवढंच वहीत उतरवा. मूळ कागद हजर करायला अधिकारी कंपनीला सांगू शकतात. तुमच्या स्वतःच्या गोष्टी मात्र बिनधास्त जमवा: नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रं, सगळ्या पगार स्लिपा (त्या देणं मालकाला बंधनकारक आहे), बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, रजेचा अर्ज आणि मंजुरी, कामाच्या सूचना आलेले व्हॉट्सअॅप संदेश. संदेश पुसू नका आणि तो मोबाइल विकू नका. मूळ उपकरण असलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र देणं सोपं जातं.

त्याच्या पगाराचा आकडा तुम्हाला कसा कळला हे पत्रात नाही. त्यानंच सांगितला असेल तर त्याला एक गोष्ट सांगा: तुमचा पगार बरोबरीला आणण्यासाठी मालकाला त्याचा पगार कमी करता येत नाही, कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. ही भीती गेली की सहकारी पुष्कळदा खरं बोलायला तयार होतात.

रकमेचं गणित असं. फरक महिना 5,500, महिने 26, म्हणजे 1,43,000 रुपये. यात रजेचे महिनेही धरा, कारण प्रसूती लाभ सरासरी दैनिक वेतनावर काढतात. वेतनच कमी धरलं असेल तर लाभही कमी पडला. वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. तुम्ही स्वतः करू शकता, तुम्ही सभासद असाल ती नोंदणीकृत युनियन करू शकते, किंवा निरीक्षक तुमच्या वतीनं करू शकतो. निर्णय तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, तेवढी तयारी ठेवा. थकबाकीशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. दहा पट ही कमाल मर्यादा. तेवढी मिळेलच असं धरून घरातलं गणित मांडू नका.

प्रसूतीचा मुद्दा पगाराइतका घोळाचा नाही. तुमचा पगार 21,000 च्या वर असल्यानं तुम्ही ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नव्हता, म्हणून रजेचे पैसे कंपनीनं दिले आणि आता ‘घरी बसून पगार घेतला’ असं ऐकवलं जातंय. तो पगार मेहेरबानी नव्हती. रजेच्या कारणावरून कामावरून काढणं, किंवा रजेच्या काळात सेवाशर्ती बाईच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं, हे सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम 68 नं बेकायदेशीर आहे. म्हणूनच त्यांना तुमच्याकडून राजीनामा हवा आहे. काढल्याचं पत्र त्यांना परवडणारं नाही. तसं पत्र आलंच, तर ते हातात पडल्यापासून 60 दिवसांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचं असतं. ही तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण ती एकदा गेली की मागून कितीही चांगलं कारण दिलंत तरी अडचण होते. (21,000 पर्यंत पगार असलेल्या ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: तुमचा प्रसूती लाभ ईएसआयसी देतं. मालकाच्या खिशातून रजेचा पगार जात नाही, तेव्हा त्याचे उपकार ऐकून घेऊ नका.)

बाळ सात महिन्यांचं आहे. ते 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसात आणखी दोन वेळा त्याला पाजण्यासाठी सुट्टी मिळायला हवी, आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यायला हवं. हे दोन्ही लेखी मागा.

पॅकिंगच्या फोरमनच्या बोलण्याबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून सोडून दिलंय. बोलणं शरीरावरून, दूध पाजण्यावरून, अचकट-विचकट असेल तर ते 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात येतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची. ही तक्रार पगाराच्या अर्जात घालू नका, स्वतंत्र द्या.

जायचं कुठे? पहिल्यांदा कोल्हापुरातल्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. तक्ता, ईमेलच्या प्रती आणि पगार स्लिपांचे दोन संच न्या, एक तिथे द्या आणि दुसऱ्यावर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला कागद दिलाच नाही असं समजा. समान वेतनाचा दावा आणि बदली-राजीनाम्याची तक्रार असे दोन वेगळे अर्ज करा. नोकरी गेलीच तर समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन महिनेही थांबू नका. साक्षीदार नोकऱ्या बदलतात आणि मग बोलत नाहीत.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तसं सांगतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधार कार्ड आणि कागदांच्या प्रती घेऊन अर्ज करा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. वकील नेमून मिळाला की त्याला पहिल्या भेटीत तक्ता दाखवा, कहाणी नंतर सांगा. प्रकरण वर गेलं तरी आता मुंबईच्या खेपा नाहीत: उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच बसतं.

राहिली शिरोलीतल्या ओळखींची भीती. ती खरी आहे, मालक एकमेकांना फोन करतात. म्हणूनच आमचा आग्रह आहे की नोकरीत राहून, शांत भाषेत, कागदावर बोला. नोकरीतल्या माणसाचा दावा आणि बाहेर पडलेल्या माणसाचा दावा यांत कंपनीच्या वागण्यात फार फरक पडतो; पहिल्यात तडजोडीला कंपनी लवकर येते. तडजोड आली तर तीन गोष्टी लेखी हव्यात: तपासणी विभागात परत नेमणूक, सुधारलेला पगार आणि तो लागू होण्याची तारीख, आणि फरकाची रक्कम कोणत्या हप्त्यांत मिळणार ते. शेवटी सोडायचंच ठरवलंत, तर त्यासाठीही आधी अनुभव प्रमाणपत्र हातात घ्या. त्यात पदनामाबरोबर प्रत्यक्ष कामाचं वर्णन मागा, सीएमएमसकट. सात वर्षांची ग्रॅच्युइटी (शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले 15 भागिले 26 गुणिले 7) 30 दिवसांत आणि बाकीचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या नावावर जा म्हणणाऱ्या साहेबांनी या रकमेचा शब्दही काढलेला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा बोलावलं, तर ती विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.